डोळ्याइतकाच बघणारा कॅमेरा

३ डिसेंबर

मामा, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर मी आकडे विसरतो आणि आई शेजारी उभी राहून "काय म्हणतो, काय म्हणतो" करत राहते. कागदाच्या मागच्या बाजूलाही मजकूर आहे, तो वाचायचा राहू देऊ नका.

मला कॅमेरा घ्यायचा आहे, रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्यासाठी. इथल्या दुकानातून तीन माहितीपत्रकं आणली आहेत. नववीनंतर शाळा सुटली, पण वाचायची सवय सुटली नाही, त्यामुळे तिन्ही चार-चार वेळा वाचली. तरी काही गोष्टी कळत नाहीत. सेन्सर मोठा म्हणजे नेमका किती मोठा असला की पुरतो? एकाच्या लेन्सवर १.८ लिहिलंय आणि दुसऱ्याच्या ३.५, तर लहान आकडा चांगला हे खरं का? थंडीत बॅटरी किती टिकते? मागचा पडदा अंधारात फार झगझगतो का, आणि तो झगझगणं चांगलं की वाईट?

सगळ्यात महत्त्वाची अट शेवटी लिहितो. चांगली नजर असलेल्या माणसाला आकाशात जेवढं दिसतं, तेवढंच त्या कॅमेऱ्याने दाखवावं. कमी नको आणि जास्तही नको. दुकानदाराला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "मग डोळेच वापरा की राव, फुकट आहेत." तुम्ही हसू नका. तुम्ही तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करताय, तुम्हाला माहीत असेल.

नोकरी चालू आहे. दुसऱ्या पाळीच्या चौदा जणींना कारखान्यातून रात्री घरोघरी सोडतो. गाडीला अजून एक ओरखडा नाही. ताप एकच आहे. पॅकिंग खात्यातल्या एक मावशी आहेत (नात्याच्या नाहीत, सगळे त्यांना मावशीच म्हणतात), त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसतात आणि वाटभर बडबडतात. "कुत्रं आलं बघ, खड्डा आला बघ, सायकलवाला बघ कसा चाललाय." जसं काही गाडी त्याच चालवतात.

उत्तर सविस्तर लिहा.

तुमचा भाचा

९ डिसेंबर

बारीकराव,

पत्र मिळालं, मागच्या बाजूसकट. तुझी मामी म्हणाली, "एवढ्या सुबक अक्षरात तर माझ्या लग्नाची यादीही कुणी केली नव्हती."

लहान आकडा चांगला, बरोबर. १.८ची लेन्स म्हणजे मोठी खिडकी, ३.५ची म्हणजे झरोका. सेन्सरचं म्हणशील तर तो जितका मोठा तितका प्रकाश जास्त गोळा होतो आणि फोटोत वाळू टाकल्यासारखे दाणे कमी येतात. तिवई मात्र जड घे. लोक कॅमेऱ्यावर जीव टाकतात आणि तिवई काडीसारखी आणतात, मग तारे शेवयांसारखे लांबट येतात. थंडीत बॅटरी अर्धीच चालते, जास्तीची खिशात ऊबेला ठेवायची. मागचा पडदा झगझगला की तुझे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात, म्हणून मंद ठेवायचा.

तुझ्या अटीचं काय करू, ते मात्र मला कळेना. डोळा क्षणभरच बघतो आणि विसरतो. कॅमेरा वीस सेकंद टक लावून बघतो आणि सगळं साठवत जातो. तो डोळ्यापेक्षा जास्तच बघणार. जास्त नको म्हणणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही. कुणाला दाखवायचंय का आकाश? तसं असेल तर सरळ सांग, मी मामीला सांगणार नाही. (सांगेन.)

घाईने विकत घेऊ नकोस. सोबत दुकानातला एक जुना कॅमेरा पाठवतो. याचा मागचा पडदा मेला आहे, बाकी ठणठणीत. फोकस मी अनंतावर जुळवून चिकटपट्टी लावली आहे, ती काढायची नाही. उजेडाची वेळ वीस सेकंदांवर ठेवली आहे. तू फक्त तिवईवर लावायचा, आकाशाकडे वळवायचा आणि बटण दाबायचं. काय आलं ते तुला दिसणार नाही, त्यामुळे कार्ड पोस्टाने मला पाठव, मी बघून सांगतो की तुला कसला कॅमेरा लागेल.

आणि एक वही घाल. फोटोचा क्रमांक, वेळ, दिशा आणि त्या वेळी नुसत्या डोळ्यांना काय दिसलं, एवढं लिही. म्हणजे तुझ्या अटीप्रमाणे डोळा आणि कॅमेरा शेजारी-शेजारी ठेवून पारखता येतील.

मावशींशी भांडू नकोस. बोलणारा माणूस शेजारी असला की झोप येत नाही.

मामा

२१ डिसेंबर

मामा, नमस्कार.

कॅमेरा सुखरूप आला. चिकटपट्टीला हात लावला नाही. कार्ड कापसात गुंडाळून या पाकिटात ठेवलं आहे, पाकीट फोडताना कात्री कडेनेच चालवा.

तीन रात्री गच्चीवर गेलो. एकूण सव्वीस फोटो आहेत. वहीतली पानं उतरवून सोबत जोडली आहेत. खाडाखोड नको म्हणून दुसऱ्यांदा स्वच्छ लिहिली. वेळ घड्याळाप्रमाणे आहे आणि घड्याळ रेडिओवरून लावलेलं आहे. दिशेसाठी होकायंत्र घेतलं. चारही रकाने पूर्ण भरले आहेत.

आकाश फारच सुंदर होतं. असंख्य तारे होते. काळ्या मखमलीवर हिरे सांडल्यासारखं दिसत होतं. शेवटच्या रात्री तर दक्षिणेकडे बघतच राहावं असं वाटलं.

तुम्ही विचारलंत कुणाला दाखवायचंय का. कुणालाही नाही. मला फक्त ताडून बघायचं आहे, बाकी काही नाही. आईला यातलं काही बोलू नका, ती विनाकारण विचार करत बसते.

मावशींचा प्रश्न सोडवला. साहेबांना अर्ज दिला की चालकाच्या शेजारी बसून सतत बोलल्याने लक्ष विचलित होतं. अर्ज वाचून साहेब म्हणाले, "अरे, हा तर वकिलाने लिहिल्यासारखा आहे." त्यांनी मावशींना तिसऱ्या रांगेत बसायला सांगितलं. त्या रात्री उतरताना त्या माझ्याकडे बघत जरा वेळ थांबल्या. आता गाडीत शांतता असते. मी वळणं आणि खांब मनात मोजत चालवतो, त्याने काम नीट होतं.

सेन्सर मोठा घ्यायचा हे पक्कं केलं. पण मोठ्या सेन्सरचे दोन प्रकारचे कॅमेरे आहेत, एकात आरसा असतो आणि एकात नसतो. अंधारात कुठला बरा?

तुमचा भाचा

३० डिसेंबर

बारीकराव,

कार्ड सुखरूप आलं. मी दोन दिवस दुकानात त्यासमोर बसलो आहे. मामी विचारते, "एवढं काय आहे त्यात?" मी म्हटलं, तारे.

आरशाचं नंतर सांगतो. आधी तुझ्या वहीचं बोलू.

क्रमांक अकरा ते एकोणीस. तू लिहिलं आहेस, "आकाश स्वच्छ. तारे भरपूर." फोटोत या टोकापासून त्या टोकापर्यंत ढग आहेत. कारखान्याच्या दिव्यांनी खालून पिवळे झालेले, गोधडीसारखे जाड ढग. एकही तारा नाही. आधी वाटलं कॅमेरा बिघडला. तपासला असता, पण तो तुझ्याकडे आहे. आणि ढगांच्या कडा स्वच्छ आल्या आहेत, म्हणजे कॅमेरा ठीक आहे.

वीस ते सव्वीस. "दक्षिण दिशा. तारे भरपूर." त्यात पाण्याची टाकी आहे. दोन तृतीयांश फोटो टाकीनेच भरलाय. तिच्यावर कुणीतरी खडूने काढलेला क्रिकेटचा स्टंपसुद्धा मला दिसतोय.

आता क्रमांक सहा. त्या रात्री आकाश खरंच स्वच्छ होतं. त्या वीस सेकंदांत एक उल्का पडली आहे. साधीसुधी नाही, अर्धा फोटो चिरून गेलेली हिरवट रेघ. जमिनीवर सावली पडली असेल इतकी लख्ख. कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला कुणीही माणूस ओरडला असता. मी तर फोटो बघूनच ओरडलो. तुझ्या वहीत सहासमोर लिहिलं आहे, "तारे भरपूर. विशेष काही नाही."

तुझी वेळ सेकंदाला बरोबर आहे. दिशाही अचूक. चौथा रकाना तेवढा खोटा आहे.

तू आळसाने खोटं लिहिणारा मुलगा नाहीस. म्हणून विचारतो. तुला तिथे काय दिसत होतं?

मामा

३० डिसेंबर

मामा, नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, कारण आईकडून तुमच्या कानावर वेडंवाकडं काही जायला नको.

परवा रात्री गाडीला लहानसा अपघात झाला. जलवाहिनीसाठी रस्ता खणला होता. तिथे लाल दिवा लावणं ठेकेदाराचं काम होतं, तो लावलेला नव्हता. पुढचं डावं चाक चरात गेलं. वेग ताशी वीसच्या आसपास होता. गाडीचा पुढचा आस वाकला. कुणाच्या जिवाला काही झालं नाही.

एकच इजा झाली. पॅकिंगच्या मावशी चालत्या गाडीत उभ्या राहिल्या होत्या. नियमाप्रमाणे उभं राहायचं नसतं. त्यामुळे त्या दोन सीटच्या मध्ये पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. साहेबांनी अहवाल तयार केला आहे. त्यात दोष ठेकेदाराचा आणि मनगटाची जबाबदारी मावशींची स्वतःची, असं नमूद केलं आहे. माझ्यावर काही ठपका नाही. उलट साहेब म्हणाले, "डोकं शांत ठेवलंस, पोरी घाबरल्या नाहीत. एकोणतीस सीटची बस येतेय, ती तूच घे."

त्यामुळे काळजीचं कारण नाही.

कॅमेऱ्याबद्दल: तिवई किती किलोची घ्यावी? लेन्सवर दव जमलं तर कापडाने पुसायचं की आपोआप सुकू द्यायचं? फोटो कच्च्या (रॉ) स्वरूपात साठवला तर कार्डात किती मावतात? कॅमेरा लवकर घ्यावा असं मला वाटू लागलं आहे.

तुमचा भाचा

४ जानेवारी

बारीकराव,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. आता माझं तुझ्या हातात असेल.

लाल दिवा नव्हता, मान्य. पण रस्ता खणला की माती बाहेर निघते. ती माती कुठे होती? कंबरेएवढा ढीग असणार. गाडीला पुढचे दिवे आहेत ना?

आणि मावशी उभ्या का राहिल्या होत्या?

दव पुसू नये. बाकी काही सुचत नाही.

मामा

११ जानेवारी

मामा,

तुमचा कॅमेरा आजच्या पार्सलने परत पाठवत आहे. तो सदोष आहे. पडदा मेलेला कॅमेरा देऊन त्यावरून माणसाची परीक्षा घेणं बरोबर नाही. ढग मागाहून आले असतील. टाकीचं म्हणाल तर मी होकायंत्रावरून दिशा लावली होती आणि होकायंत्रात टाकी दिसत नाही.

बसची चाचणी येत्या सोमवारी आहे. साहेबांना मी हो म्हटलं आहे. घरात माझ्याशिवाय कमावणारं कुणी नाही, हे तुम्ही विसरता.

मला आता कॅमेरा नको.

भाचा

१५ जानेवारी

बाळा,

तुला चिडायचं असेल तर चीड, पण हे पत्र सोमवारच्या आत वाच. म्हणून जलद टपालाने पाठवतो आहे.

तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील, शिंपी होते. दिवेलागणीच्या आत दुकान बंद करून घरी. लग्न असो, मयत असो, गिऱ्हाईक दारात उभं असो. गल्लीतले लोक म्हणत, काय शिस्तीचा माणूस आहे. शिस्त कसली. त्यांना सूर्य मावळला की काही दिसायचं नाही. आम्ही चौघांनी ते गावापासून लपवलं. तुझ्या आईला सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्यासोबत पाठवायचे, आणि लोकांना सांगायचे, पोरीला बापाचा लळा फार. साठीला आले तेव्हा दुपारीही फक्त समोरचंच दिसत होतं, जसं काही नळीतून बघताहेत.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, मुलीला त्रास होणार नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो. मला झालं नाही. ते वडिलांकडून मुलाला येत नाही.

आता माझं ऐक. तू सहा वर्षांचा असताना आमच्याकडे राहायला आला होतास. वीज गेली. सगळी मुलं धावत जिना चढली आणि तू भिंत चाचपत, एकेक पायरी पायाने शोधत आलास. मी मेणबत्ती घेऊन वर उभा होतो. बघितलं. आणि मनाशी म्हटलं, मूल घाबरलंय. तेव्हाच मला कळलं होतं. पुढची सोळा वर्षं मी कळलं नाही असं दाखवलं, आणि तू गाडी शिकलास तेव्हा पेढे मागितले.

तू मला "डोळ्याइतकाच बघणारा कॅमेरा" मागितलास आणि मी तुझी थट्टा केली. तुला कॅमेरा नको होता. तारे अजून तिथे आहेत का, हे विचारायला तुला कुणीतरी हवं होतं. आहेत रे. पहिल्या दहा फोटोंत खच पडलाय.

सोमवारी बसमध्ये बसू नकोस. तुझ्यामागे एकोणतीस जण बसतील.

मामा

६ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तीन आठवडे लिहिलं नाही. घडलं ते क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

पत्र शनिवारी मिळालं. वाचून मी ते गादीखाली ठेवलं आणि रविवारी सकाळी मावशींच्या घरी गेलो. त्या डाव्या हाताने भांडी घासत होत्या. मला वाटलं होतं दारातूनच हाकलतील.

"ये. बस. आता तरी बसायला सांगायचा हक्क आहे ना मला, की त्यालाही अर्ज करायचा?"

मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही उभ्या का राहिलात?

"ढीग दिसला म्हणून. घराएवढा ढीग, आणि तू सरळ त्याच्यावर चाललेला. तिसऱ्या रांगेतून ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात तुला ऐकू गेलं नाही. मग उठले."

मी भांड्यांकडे बघत राहिलो. त्याच म्हणाल्या, "तुला रात्रीचं दिसत नाही हे मला पावसाळ्यापासून माहीत आहे. फाटकाबाहेर गाय बसलेली, तू तिच्याशी बोलायला लागलास, तिला वॉचमन समजून."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं असतं तर तुझी गाडी गेली असती. आणि तुला तर रोज सांगतच होते की. खड्डा आला, सायकल आली. तुला वाटलं म्हातारी बडबडतेय." मग हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "चुकलंच माझं. मागे तेरा जणी असायच्या. त्यांना विचारायला हवं होतं."

सोमवारी बसची चावी घ्यायला गेलो आणि साहेबांच्या टेबलावर लेखी निवेदन ठेवलं. त्यांनी वाचलं, दार लावलं. "अरे, अहवाल वर गेला. तू सुटलास. आता हे कशाला उकरतोस? अंधारात तो ढीग कुणालाच दिसला नसता."

मी म्हटलं, "तिसऱ्या रांगेतून दिसला होता, साहेब. त्या नियम मोडायला उठल्या नव्हत्या. मला सांगायला उठल्या होत्या."

ते बराच वेळ चिडून बोलत होते. मला कामावर घेताना डोळे तपासणाऱ्याचं नाव विचारलं. तपासणी दुपारी बारा वाजता झाली होती, ते त्यांना सांगितलं. शेवटी अहवाल परत मागवला. मावशींना आता भरपगारी रजा मिळाली. माझा परवाना जमा झाला. स्टोअरमध्ये दिवसाचं काम देतील की नाही, ते अजून ठरलेलं नाही. रोज जाऊन बाकावर बसतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून, बाहुली मोठी करून आत पाहिलं. आजोबांचंच आहे. मी विचारलं, किती वर्षं? ते म्हणाले, वीस म्हणता येतील, पंधराही म्हणता येतील. मला नक्की आकडा हवा होता. नाही मिळाला.

आईला मीच सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि पाठमोरीच म्हणाली, "मला वाटलं होतं माझ्यापाशी थांबलं." त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी फारशी बोलली नाही. रात्री मात्र मी उठलो की माझ्या आधी दिवा लागतो. मला त्याचा राग येतो, आणि रागाचीही लाज वाटते.

चौथ्या रकान्याबद्दल. तिन्ही रात्री मला काहीच दिसलं नव्हतं. पहिल्या रात्री एक ठिपका दिसला असं वाटलं, तो कारखान्याच्या चिमणीवरचा दिवा होता. "हिरे सांडल्यासारखं" हे मी एका मासिकातून घेतलं होतं.

कॅमेरा मला हवा आहे. मागची अट रद्द समजा. जास्तीत जास्त बघणारा हवा. पण माहितीपत्रकावरून निवडणार नाही. इथल्या दुकानात पडद्याला बोट लावून चालणारे कॅमेरे दाखवले, ते मला पुढे उपयोगाचे नाहीत. ज्याची आकडे बदलायची चाकं खरी असतील, प्रत्येक खाचेला टिकटिक करतील आणि ती मोजून आकडा कळेल, असा बघायचाय. तुमच्याकडचे दोन-तीन काढून ठेवा. मी डोळे मिटून हाताळीन आणि मग ठरवीन. सहा नंबरचा फोटो मोठा करून ठेवा, तो दिवसाउजेडी बघायचा आहे.

शनिवारी येतो. सकाळच्या बसने येणार होतो, पण साहेबांनी दहाला बोलावलं आहे, त्यामुळे दुपारची धरावी लागेल. ती सव्वासातला पोहोचते. तेव्हा अंधार पडलेला असेल. मामा, तुम्ही स्टँडबाहेर थांबू नका. बसच्या दारापाशी या आणि मला मोठ्याने हाक मारा. बसच्या पायऱ्या तीन असतात, त्या मी उतरेन. पुढचं तुम्ही बघा.

तुमचा भाचा